खिरणीची मूठ

सुरेखाबाईंची कोशिंबीर ज्यांनी खाल्ली आहे, ते आधी चिरण्याचं कौतुक करतात आणि चवीवर नंतर येतात. काकडी इतकी बारीक की मीठ पडायच्या आधीच ओली दिसावी. कांदा इतक्या झपाट्यानं चिरलेला की डोळ्यांत पाणी यायलाही उसंत मिळू नये. खुलताबादच्या शाळेत त्यांनी उभा जन्म पोरांना अक्षरं गिरवायला शिकवली. निवृत्त होऊन मुलाकडे, शहरात मयूर पार्कात राहायला आल्या, तरी हात स्वस्थ बसेना. दर शनिवारी गल्लीतली पोरं घराच्या पोर्चमध्ये जमायची आणि बाई त्यांना बटण लावणं, कणीक मळणं, विळीवर भाजी चिरणं शिकवायच्या. पद्धत एकच. पोराच्या हातावर आपला हात ठेवायचा आणि त्याच्याच हातानं करून घ्यायचं.

"तोंडानं शिकवलेलं कानात राहतं," त्या म्हणायच्या. "हातानं शिकवलेलं हातात."

नात श्रेया तिसरीत होती, त्या वर्षी दिवाळी सरल्यावर एका सकाळी बाईंच्या हातातून चहाचा कप पडला. डॉक्टर म्हणाले, लहानसा झटका आहे, थोडक्यात निभावलं. बोलणं सुधारलं, पाय सुधारला. उजवा हात मात्र तसाच राहिला. तळवा बधिर, बोटं अर्धवट मिटलेली, आणि अंगठा इतर बोटांशी भांडण झाल्यासारखा एकटा बाजूला उभा. विळीवर बसणं संपलं. शनिवारची पोरं काही दिवस येऊन फाटकातून डोकावून गेली, मग यायची थांबली.

मुलगा सत्यम आणि सून तनुजा, दोघंही वाळूजला कंपनीत. दिवस उजाडायच्या आत कंपनीची बस. दुपारी श्रेया शाळेतून आली की तिला गरम जेवण घालणं हे बाईंचं काम होतं, आणि तेच आता होत नव्हतं. तनुजा एकदा भांडी लावता लावता, पाठमोरीच म्हणाली, "आई, तुम्हाला त्रास नको म्हणून म्हणते हं. जूनपासून श्रेयाला शाळा सुटल्यावर पाळणाघरात ठेवू या का?"

"ठेवा की," बाई म्हणाल्या. मग बाहेर येऊन पोर्चमध्ये बसल्या आणि डाव्या हातानं उजवा अंगठा चोळत राहिल्या. जूनपर्यंत हा हात उठला पाहिजे, एवढंच त्यांच्या मनात होतं.

उन्हाळ्यात खुलताबादहून जाहेदा भेटायला आली. बाईंची जुनी विद्यार्थिनी. आता तिच्याही केसांत पांढरं दिसत होतं. येताना तिनं पिकलेल्या, पिवळ्याधमक खिरण्यांची पिशवी आणली होती.

"बाई, हात दाखवा," ती म्हणाली, आणि बांगड्या भरणारीनं धरावा तसा तिनं बाईंचा हात दाबून, वळवून पाहिला.

जाहेदा आणि तिचा नवरा रहीम सुऱ्या करायचे. रहीम ट्रकच्या जुन्या कमानीच्या पोलादाचं पातं घडवायचा, जाहेदा मूठ कोरायची. दुकानात टांगून विकायचा माल नव्हे. ज्याच्या हातासाठी सुरी, त्याच्याच मापाची. शहरातल्या मोठ्या हॉटेलांचे खानसामे त्यांच्याकडे नंबर लावून बसत.

"विळी सोडा आता. ओट्यापाशी उभं राहून चिरायची सुरी करून देते."

"अगं, सुरी धरायला अंगठा तर पाहिजे ना?"

"अशी करते, की मूठच तुम्हाला धरील," जाहेदा हसली. "काय करायचं ते ऐका. उडदाचं पीठ पापडाला मळतो तसं घट्ट मळायचं. मळू दे कुणालाबी. पण त्याच्यावर मूठ दाबायची ती तुमची एकटीची. दुसऱ्याचा हात लावायचा नाय. मग सावलीत वाळू द्यायचं. वाळलं की मी येऊन नेते."

"दुसऱ्याचा का नको?"

"ते माझ्या सासऱ्यांनी सांगितलं नाय, अन् मी विचारलं नाय. तुमच्या वर्गात विचारलं असतं. सासऱ्याला कोण विचारतंय?"

तनुजानं कामावर जायच्या आधी पीठ मळून ठेवलं. दुपारी बाईंनी तो पिवळसर, जड गोळा परातीत घेतला आणि उजवा हात त्यावर ठेवला. बोटं मिटेनात. पीठ नुसतं चपटं झालं. पुन्हा गोळा केला, पुन्हा चपटा. तिसऱ्यांदा त्यांच्या कपाळाला घाम आला.

श्रेया दारात उभी राहून बघत होती. आदल्या दिवशी शार्पनरनं कापून घेतलेल्या पहिल्या बोटावर तिच्या चिकटपट्टी होती. तिनं स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि आपला उजवा हात आजीच्या हातावर ठेवला.

"थांब, मी तुला शिकवते," ती म्हणाली. "हात सैल सोड. माझ्याबरोबर मीट. हं, अस्सं."

शब्द बाईंचेच होते, सूरही बाईंचाच. त्यांना जाहेदाचं बोलणं आठवलं. पण त्यांच्या मनात आलं, हा काय दुसऱ्याचा हात झाला? एवढ्या पोरांचे हात धरून गिरवून घेतलं, तरी पाटीवर उमटलं ते पोराचंच अक्षर. आपलं कधी उमटलं नाही. त्यांनी हात सैल सोडला. लहानशी बोटं त्यांच्या बोटांच्या फटींत घट्ट बसली आणि दोघींनी मिळून पीठ दाबलं.

रहीमनं मोटारसायकलवरून सुरी आणली तेव्हा शाळा सुरू व्हायला थोडेच दिवस उरले होते. मागे जाहेदा बसली होती, मांडीवर कापडात गुंडाळलेली सुरी घेऊन.

"बाई, या पात्यानं टमाटा कापला ना," रहीमनं चप्पल काढता काढताच सुरुवात केली, "तर टमाट्याला संध्याकाळी कळतंय, की अरे, आपण कापलो गेलो."

"पात्याचं पुराण बस झालं," जाहेदा म्हणाली. "मूठ बघा, बाई. पातं काय, ठोकलं की होतं."

"ठोकलं की होतं! ठोक की मग तू."

कापड उलगडलं आणि बाई नुसत्या बघत राहिल्या. वीतभर लांब पातं, पाठीकडे काळसर, त्यावर हातोडीच्या खुणा माशाच्या खवल्यांसारख्या ओळीनं. धारेकडे येता येता काळेपणा विरत गेलेला आणि शेवटी फक्त एक पांढरी रेघ. पोटाला किंचित गोलाई, डोलवलं की फळीवर आपसूक झुलावं इतकीच. आणि मूठ! मुरलेल्या गुळाच्या रंगाची, जवसाचं तेल पिऊन तुकतुकीत झालेली. आतून बारीक काळ्या रेषा केसांसारख्या वाहत गेलेल्या. पितळी खिळे लाकडात इतके मिसळलेले की बोट फिरवून कळू नयेत.

"तुमच्या वर्गाच्या मागची खिरणी आठवती का? तिची मोठी फांदी वादळात पडली होती. ते लाकूड जपून ठेवलं होतं मी," जाहेदा म्हणाली. "लई चिवट. हत्याराची धार जाती, पण ते काय हटत नाय."

बाईंनी सुरी हातात घेतली. बोटं एकेक करून आपापल्या खळग्यात उतरली. आणि अंगठा, कित्येक महिने कुणाचं न ऐकणारा, हळूच वळला आणि आपल्या जागी जाऊन टेकला.

जाहेदा पुढं वाकून बघत होती. रहीमसुद्धा.

त्या संध्याकाळी सुरेखाबाईंनी मेथी चिरली, कांदा चिरला, कोथिंबीर चिरली, आणि चिरण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा थांबल्या. पातं फळीवर चालताना पावसाच्या थेंबांसारखा एकसारखा आवाज येत होता. आपल्या हातावर कुणाचातरी हात आहे आणि तो जरा जरा दाबून वाट दाखवतो आहे, असं त्यांना वाटत होतं. पोरांना असंच वाटत असेल, त्या मनाशी म्हणाल्या. एवढी वर्षं हात दिला, आज मिळाला.

पाळणाघराचा विषय निघाला नाही. तनुजा डबा उघडून म्हणायची, "आई, कंपनीत बायका माझ्या डब्याची वाट बघतात." बाई पहाटे डब्यापुरतं करायच्या, आणि दोघं गेल्यावर, श्रेया शाळेत असताना, दुपारचा स्वयंपाक सावकाश, मजेत करायच्या. शनिवारची पोरं परत आली. सुरी मात्र त्या कुणाला देत नसत. तनुजानं एकदा लिंबू कापायला ती उचलली आणि लगेच खाली ठेवली.

"हातातून फिरते ही. आणि गरम कशी, आई? उन्हात ठेवली होती का?"

"ओट्यावरच तर होती."

"कुणीतरी इतका वेळ हातात धरून ठेवल्यासारखी वाटते," तनुजा म्हणाली आणि साधा चाकू शोधायला लागली.

पाऊस सुरू झाल्यावर बाईंनी मुठीला तेल द्यायला घेतलं. उजेडात धरली तेव्हा त्यांच्या बोटांच्या खळग्यांमध्ये, चिमुकल्या टिकल्यांएवढे आणखी काही खळगे दिसले. त्यातल्या एकात आडवी, नखाएवढी खाच होती. त्यांनी बोट फिरवलं आणि त्यांना हसू आलं.

"श्रेया, इकडं ये. बघ, जाहेदानं तुझी चिकटपट्टीसुद्धा सोडली नाही!"

श्रेयानं आपली बोटं त्या टिकल्यांवर ठेवली. नेमकी बसली. केवढी नजर या जाहेदाची, सुरेखाबाईंना वाटलं. विद्यार्थिनीचा त्यांना फार अभिमान वाटला.

मग तो खेळ सुरू झाला. श्रेया शाळेतून यायची, दप्तर टाकायची आणि चप्पल काढायच्या आत ओरडायची, "आज भेंडी!" भेंडीच असायची. "आज गवार!" गवारच. वासावरून ओळखत असेल, बाईंना वाटलं. पण गवारीला असा काय वास येतो, हेही वाटलं.

"कशावरून गं ओळखतेस?"

"हातावरून," श्रेया पाणी पिता पिता म्हणाली. "भेंडी चिकट चिकट लागते. गवार कट कट करते. काल मिरची होती ना, तर दिवसभर चुरचुरलं."

काल मिरची होती.

श्रेयाच्या वर्गशिक्षिकेनं तनुजाला फोन केला. मुलीचं अक्षर एकाएकी बिघडलं आहे. आधी किती वळणदार होतं. सकाळच्या तासांना तर पेन्सिलच धरत नाही, नुसती बसून राहते. तनुजा चिडली, सत्यम समजावत राहिला. बाईंनी वही मागून घेतली. तारखेच्या ओळीत अक्षर चांगलं होतं. खाली ते झुकायला लागलं होतं, मग थरथरायला, आणि पानाच्या मध्यावर रेघ नुसतीच घसरत गेली होती. अशी अक्षरं त्यांनी पाहिली होती. झटक्यानंतर बँकेत सही करताना त्यांच्याच हातून ती उमटली होती.

"हात दाखव," त्या म्हणाल्या.

श्रेयानं हात पुढे केला. लहानसा, गोरा, मऊ हात. अंगठा बाजूला उभा होता.

"दुखतो का?"

"नाही. झोपतो. सकाळी तू भाजी चिरतेस ना, तेव्हा झोपतो. नंतर उठतो." तिनं अंगठ्याकडे पाहिलं. "आता लवकर उठत नाही."

रविवार होता. सत्यम आणि तनुजा जाधववाडीच्या मंडईत भाजी आणायला गेले होते. श्रेया पोर्चमध्ये पाटावर वही ठेवून शुद्धलेखन लिहीत होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती पाठमोरी दिसत होती. सुरेखाबाई खिडकीशी उभ्या राहिल्या. आपण हे काय करतो आहोत याची त्यांना लाज वाटली. हे वेडेपण आहे, एकदा करून बघावं आणि मोकळं व्हावं.

त्यांनी सुरी उचलली. चिरायला काहीच घेतलं नव्हतं, नुसती उचलली. अंगठा जागेवर टेकला.

बाहेर पेन्सिल फरशीवर पडली आणि गडगडत गेली.

त्यांनी सुरी ठेवली. थोड्या वेळानं श्रेयानं पेन्सिल उचलली, लिहू लागली.

बाईंनी सुरी पुन्हा उचलली.

पेन्सिल पडली.

सुरी हातातच राहिली. ती खाली ठेवावी हे त्यांना कळत होतं, पण हात सोडत नव्हता. की मूठच सोडत नव्हती. मूठ कोमट होती, आणि तिच्या आत, अगदी हलकं, काहीतरी दाबत होतं.

बाहेरून श्रेयाचा आवाज आला. तिनं मान वळवली नव्हती.

"आजी, आता नको ना. एकच ओळ राहिली आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी श्रेयाला शाळेत पाठवलं नाही. सुरी कापडात गुंडाळली, डाव्या हातात धरली आणि दोघी खुलताबादच्या बसमध्ये बसल्या. दौलताबादच्या पुढं घाटात गार वारा लागला. श्रेया खिडकीशी बसून डोंगर बघत होती, उजवा हात मांडीवर, एखादी वस्तू ठेवावी तसा.

जाहेदानं सगळं ऐकून घेतलं. मग सुरी उलगडून मुठीकडं बघत म्हणाली, "बाई, मूठ तुमची एकटीची होती ना?"

सुरेखाबाई श्रेयाकडे बघत होत्या. उंबऱ्यावर बसून ती डाव्या हातानं वाळलेल्या खिरण्या खात होती.

"मला दिसलं होतं पिठात," जाहेदा म्हणाली. "बारकी बारकी बोटं. वाटलं, तुमचीच बोटं थरथरली असतील. दिसलं तसं कोरलं. पुढ्यात आहे तेच उतरवायचं, मनचं घालायचं नाय, हे तुम्हीच शिकवलं होतं."

"चूक तुझी नाही गं."

"जाळून टाकू का?" रहीमनं विचारलं.

"नको," बाई पटकन म्हणाल्या. "जाळायची नाही. त्यात तिचा हात आहे."

"मग काम झालं की पिठाची मूठ आम्ही ज्या तळ्यात सोडतो, तिथंच हीबी सोडू," जाहेदा म्हणाली. मग खाली बघून तिनं हळूच जोडलं, "पण बाई, तुमचा हात..."

"तो माझा नाहीच, जाहेदा. उसना आहे."

रहीमनं सुरी ऐरणीवर धरली. खिळे ठोकून काढायच्या आधी तो थांबला आणि त्यानं ती बाईंपुढं केली. एकदा शेवटची धरून बघायची असेल तर. बाईंना धरायची होती. गुळाच्या रंगाची ती मूठ, त्या केसांसारख्या रेषा, बोटांना पाठ झालेले ते खळगे. पण श्रेयाच्या हातात नुकतीच खिरणी आली होती, आणि या वेळी ती उजव्या हातात होती. बाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

खिळे निघाले. मुठीच्या दोन फाका झाल्या. रहीमनं आतल्या बाजूला बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं, पण काय ते सांगितलं नाही.

खिरणीचं लाकूड पाण्यावर तरंगत नाही. जाहेदानं दोन्ही फाका तळ्यात सोडल्या, तशा त्या दगडासारख्या खाली गेल्या. पाणी हललं, मग स्थिर झालं.

काठावर उभ्या असलेल्या श्रेयानं हात झटकला. "गार गार झालं," ती म्हणाली.

परतीच्या बसमध्ये खिडकीच्या काचेवर धूळ होती. श्रेयानं त्या धुळीत बोटानं आपलं नाव लिहिलं. ठळक, वळणदार, एकही रेघ न थरथरता. सुरेखाबाई ते वाचत राहिल्या. दौलताबाद आलं तोवर त्यांचा अंगठा बाजूला जाऊन उभा राहिला होता.

पुढं पाळणाघराची वेळ आली नाही. बाई ओट्याशी खुर्ची टाकून बसायच्या, तोंडानं सांगायच्या, आणि श्रेया साध्या चाकूनं सावकाश चिरायची. कानात राहिलेलंही हळूहळू हातात उतरतं, हे बाईंना त्या वयात नव्यानं कळलं. रहीमनं पात्याला गोल, साधी मूठ बसवून पाठवली. ती कुणाच्याही हातात बसते. तनुजा त्या सुरीनं रोज पहाटे डब्याची भाजी चिरते आणि त्या पात्याची धार अजून तशीच आहे. शनिवारी पोरं येतात. श्रेया आता सातवीत आहे. त्यांना शिकवते तीच.

बाईंच्या उजव्या हाताला काही कळत नाही. डॉक्टर सुई टोचून बघतात, बाई दुसरीकडे बघत राहतात.

फक्त पहाटे, तनुजाची भाजी चिरायला सुरू झाली आणि पावसाच्या थेंबांसारखा तो आवाज आला, की त्या बधिर हातावर एक हात येऊन बसतो. पहिल्यांदा त्यांना वाटलं, श्रेयाच आली. डोळे उघडले, तर श्रेया समोर आरशात बघून वेणी घालत होती, दोन्ही हातांनी.

श्रेयाचा हात आता त्यांच्या हाताएवढा झाला आहे. हा हात अजून तिसरीतलाच आहे. बोटं त्यांच्या बोटांच्या फटींत बसतात आणि जरा जरा दाबतात, वाट दाखवल्यासारखी.

सुरेखाबाई आपला हात काढून घेत नाहीत. लहान मुलाच्या हातातून हात सोडवून घेणं त्यांना कधी जमलंच नाही. त्या डोळे मिटून पडून राहतात. पहिल्या बोटावरची चिकटपट्टी त्यांना लागते, तिची कडसुद्धा लागते.

पट्टी तळ्याच्या पाण्यानं अजून ओलीच असते.